तराजूची तिसरी नाल

१

शनिवारी सकाळी मंडळाचा हॉल उघडला तेव्हा भिंतीवरच्या तीन काचपेट्यांपैकी तिसरी रिकामी होती. काच जागच्या जागी, चारही स्क्रू घट्ट, आतली मखमल स्वच्छ, आणि नाल गायब. सचिवांनी सगळ्यात आधी फोन केला तो पोलिसांना नाही, मला.

"बाई, जरा या. आणि येताना तुमच्या बंधुराजांना विचारून या, आमची नाल चुकून त्यांच्या खिशात गेली आहे का."

'चुकून' हा शब्द ते फार गोड उच्चारतात. मी चहा अर्धा टाकून निघाले.

माझं काम हँडिकॅपरचं. शर्यतीत कुठल्या घोड्याच्या पाठीवर किती वजन द्यायचं ते मी ठरवते. चांगल्याला जास्त, कच्च्याला कमी, म्हणजे जिंकायची संधी सगळ्यांना सारखी. एका मैदानापुरतं हे सोपं आहे. पण आमच्याकडे रेसिंगचे विभाग तीन: किनारा, पठार आणि डोंगर. तिघांची मैदानं वेगळी, घोडे वेगळे, आणि प्रत्येकाला वाटतं की आपलेच घोडे खरे जातिवंत, बाकीचे टांग्याला जुंपायचे. आता किनाऱ्याचा पहिला आणि डोंगराचा पहिला यांत भारी कोण, हे सांगायचं कसं? घड्याळ कामाचं नाही, कारण कुठे जमीन टणक तर कुठे मऊ. म्हणून मी तराजूची पद्धत काढली.

तराजू हा घोडा. त्याचं नोंदणीतलं नाव इतकं लांबलचक आहे की कॉमेंट्री करणाराही ते घेत नाही. मंडळाच्या मालकीचा, तांबूस रंगाचा, वयाने पोक्त, आणि पळण्यात इतका नेमस्त की आपल्या कुवतीच्या खाली कधी उतरला नाही की वर कधी गेला नाही. दरवर्षी त्याला तिन्ही मैदानांवर नेऊन तिथल्या उत्तम घोड्यांबरोबर पळवायचं. अंतर तेच, पाठीवरचं वजन तेच, जॉकी तोच, पायात ॲल्युमिनियमच्या हलक्या नाला. तो जिथे मागे पडेल तो विभाग भारी, जिथे पुढे जाईल तो हलका. शर्यत झाली की त्याच्या पुढच्या डाव्या पायाची नाल सगळ्यांसमोर काढायची, सचिवांनी तिथल्या तिथे तिच्यावर विभागाचा शिक्का ठोकायचा, आणि ती हॉलमधल्या पेटीत बसवायची. असा आमचा रिवाज.

यंदा तराजू पठारावर तिसरा आला, किनाऱ्यावरही तिसरा. डोंगरावर मात्र तो असा सुटला की दुसऱ्या नंबरचा घोडा फोटोतसुद्धा मावला नाही. म्हणजे डोंगर पार हलका. एरवी मी त्यांच्या घोड्यांची वजनं उतरवली असती आणि विषय मिटला असता. पण शर्यती आटोपल्यावर मंडळाने जाहीर केलं की तीन मैदानं भरतील इतके घोडे आता राहिले नाहीत, सर्वांत कमकुवत विभाग बंद करणार. निर्णय पुढच्या शनिवारी, माझ्या आकड्यांवरून. आणि डोंगरावर माझा सख्खा भाऊ ट्रेनर आहे. आमचे बाबा तिथेच ट्रेनर होते, आम्ही दोघं तिथल्याच तबेल्यामागे वाढलो.

दादाचे घोडे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. ते इतके वाईट नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. पण तसं म्हणायची सोय नव्हती. पद्धत माझी, आकडे माझे, आणि ते चुकले म्हणावं तर भावासाठी गळा काढते म्हणून लोक मोकळे. इकडे दादा निकालाच्या दिवसापासून माझ्याशी बोलत नव्हता. लहानपणी मी खाऊचे वाटे सारखे झालेत का ते बघायचे म्हणून तो मला 'काटेबाई' म्हणायला लागला तो आजतागायत. तेही बंद झालं होतं, आणि त्याचं मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं.

सचिवांचं म्हणणं सरळ होतं. काल दुपारच्या बैठकीला सगळे हॉलमध्ये होते. दादा डोंगराच्या पेटीसमोर उभा राहून तावातावाने भांडला. आणि आज नेमकी तीच नाल नाही. मी आरोप करत नाही, असं ते तीनदा म्हणाले.

मी बाहेर येऊन आत्याला फोन केला. सगळं सांगितलं.

"स्क्रू परत लावलेत म्हणालीस?"

"चारही. घट्ट."

"मग सचिवाला म्हणावं, हॉलला कुलूप घाला आणि उरलेल्या दोन पेट्यांना कुणाला हात लावू देऊ नका. मी येते. चोर कोण ते नंतर बघू, आधी त्याची सवय कळली आहे."

२

माझी आत्या निवृत्त निकाल-पंच. सगळी हयात तिने विजयाच्या खांबासमोरच्या मचाणावर काढली. दोन घोडे नाकाला नाक लावून आले तरी कोण जिंकला ते फोटो येण्याआधी ती सांगायची, आणि फोटो येऊन गुपचूप तिचंच म्हणणं खरं करायचा. आता ती भरतकाम करते. पिशवीत कायम सुयांचा डबा, आणि डब्यात एक लोहचुंबक, कारण तिच्या हातून सुया सारख्या सांडतात. तिला ते कबूल नाही. सुयाच वाईट येतात म्हणते.

सचिवांच्या खोलीत आम्हाला चहा मिळाला. सचिव मूळचे किनाऱ्याचे. डोंगर बंद झाला तर त्यांना दुःख होणार नाही हे उघड गुपित होतं, आणि हॉलची किल्ली त्यांच्याकडे असते. मी मनातल्या मनात त्यांना बेड्या घालून टाकल्या होत्या. आत्याने मात्र त्यांच्याशी उजव्या हाताच्या दुखण्याबद्दल गप्पा सुरू केल्या. ते कप डाव्या हाताने उचलत होते, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं की नालांवर शिक्के ठोकून ठोकून मनगट धरलं. पठारावर हातोडा हाणून हाणून घाम फुटला तरी शिक्का नीट उमटेना, किनाऱ्यावर तीच गत. डोंगरावर मात्र एका ठोक्यात काम झालं. "सरावाने जमतं म्हणायचं," ते हसून म्हणाले.

आत्याही हसली. मग तिने विचारलं की आज हॉलमध्ये काही विशेष होतं का. सचिव म्हणाले, हो, फ्रेमवाला येणार होता. अध्यक्षांच्या डोक्यातून निघालं होतं की तिन्ही नाला काढून एकाच मोठ्या चौकटीत शेजारी शेजारी बसवायच्या आणि निर्णयाच्या दिवशी मंचावर लावायच्या. कालच्या बैठकीतच ते ठरलं, सगळ्यांसमोर. म्हणजे चोरी काल रात्रीच का झाली ते कळलं, पण त्यातून काही उजेड पडेना.

जिना उतरताना मी तावातावाने म्हटलं की हाच माणूस, किल्ली याची, फायदा याचा.

"याने केलं असतं तर स्क्रू जमिनीवर पडलेले असते," आत्या म्हणाली. "हा कागदपत्रातला माणूस. पेटी बंद करून ठेवायचं याच्या ध्यानीमनी येणार नाही. मोकळा खिळा किंवा स्क्रू जमिनीवर टाकायचा नाही, हे कुणाच्या हाडात मुरलेलं असतं ते तुला मी सांगायला हवं?"

सांगायला नको होतं. तबेल्यात वाढलेल्या प्रत्येकाला ते सगळ्यात आधी शिकवतात, कारण पडलेला खिळा शेवटी घोड्याच्या खुरात जातो. बाबांनी आम्हाला त्यावरून फटके दिले होते. मला आणि दादाला.

३

डोंगरावरचं मैदान गवताचं आहे. रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा घोड्यांची फिरती संपली होती आणि दादा कुंपणाला टेकून उभा होता. आत्याच्या तो पाया पडला. माझ्याकडे बघून त्याने नुसती मान हलवली.

आत्याने त्याला सरळ विचारलं. दादाने काहीच लपवलं नाही. हो, भांडलो. हो, पेटीवर हात आपटला. पण चोरी? "मला ती नाल घ्यायची असती तर भर बैठकीत काच फोडून घेतली असती. चोरून कशाला? आणि घेऊन करू काय? ती गेली म्हणून आमचे घोडे चांगले ठरणार आहेत का?" मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "इथे कुणीतरी तराजूला काहीतरी दिलं. तो घोडा तसा पळूच शकत नाही. आकडे काढणाऱ्यांनी ते शोधावं."

आकडे काढणारी ते शोधूनच दमली होती. तिन्ही शर्यतींनंतर डॉक्टरांनी तराजूचं रक्त तपासलं होतं, ते मी पुन्हा दुसऱ्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं होतं. कुठेही काही नाही. डोंगरावरचं अंतर मी स्वतः टेप लावून मोजलं. काठ्या रोवलेल्या जागा, वाऱ्याची दिशा, तराजूच्या खोगिरातली शिशाची वजनं, सगळं सगळं बघितलं. डोंगरावर तो इतका वेगात का पळाला याचं कारण कुठेच नव्हतं. तरी मी सोडणार नव्हते. आठवडा हातात होता आणि मी तो पुरा वापरणार होते.

आत्या मात्र आमचं बोलणं सोडून मैदानात गेली होती. तिथल्या गवतात तिच्या चपलेची टाच रुतली, ती तिने उपटून काढली, आणि पुन्हा दुसरीकडे रुतवून पाहिली. मग परत येऊन तिने दादाला विचारलं की किनाऱ्याची जमीन कशी आहे.

"पायाखाली फरशी घातल्यासारखी," दादा म्हणाला. "पठाराची त्याहून टणक."

परतीच्या वाटेवर आत्या गाडीत चपलेच्या टाचेची माती पुसत होती. घाट उतरल्यावर म्हणाली, "तू इतके दिवस मान मोडून शोधते आहेस, पण चुकीच्या मैदानावर."

मी गाडी बाजूला घेतली.

"डोंगरावर तो वेगात का पळाला, हे तू सगळ्यांना विचारलंस. आता जरा असं धरून चाल, की डोंगरावर तो त्याच्या नेहमीच्याच वेगाने पळाला. मग बाकीच्या दोन ठिकाणी तो हळू का पळाला?"

४

तराजूचा तबेला मंडळाच्या कचेरीमागे आहे. तो सांभाळतात ते मास्तर. मास्तर जन्माने नालबंदाच्या घरातले, पुढे ट्रेनर झाले, पण तराजूच्या पायाला आजही दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाहीत. नाला तेच ठोकतात, शर्यतीनंतर सगळ्यांसमोर काढतातही तेच. बायको गेल्यापासून जेवणसुद्धा तबेल्याच्या पायरीवर बसूनच करतात.

आधी भेटला जॉकी. सगळे त्याला कापूस म्हणतात. बोलायला लागला की मात्र कापसाचं वजन फार होतं. लोकांनी आपल्यावर संशय घेतला याचा त्याला भयंकर राग आला होता.

"मी लगाम ओढला म्हणे! फिल्म बघा ना. हात सोडून बसलो होतो. पण घोडाच जड होता त्या दोन ठिकाणी, पाय उचलतच नव्हता. डोंगरावर बसलो तर वाटलं, कुणीतरी त्याची ओझी उतरवून ठेवली आहेत." मग सूर बदलून त्याने किनाऱ्याची गंमत सांगितली. तिथे तबेल्यापासून मैदानापर्यंत दगडी वाट आहे. पावसाळी ढग होते, अंधारलं होतं, आणि तराजू चालला तशा त्याच्या पायाखालून ठिणग्या उडत होत्या. पोरंटोरं टाळ्या वाजवत होती. "एखाद्या राजाच्या घोड्यावर बसल्यासारखं वाटलं, आत्याबाई."

आत्याने त्याला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. माझ्या डोक्यात काहीच प्रकाश पडला नाही, हे इथे कबूल केलेलं बरं.

मास्तर आम्हाला तराजूच्या ठाणाकडे घेऊन गेले. घोडा शांत उभा होता. त्यांनी दाराची कडी लावली, ओढून पाहिली, दोन पावलं गेले, परत येऊन पुन्हा ओढून पाहिली. आत्या त्यांच्याशी तराजूच्या तब्येतीबद्दल बोलत राहिली. मास्तर उत्तरं देत होते, पण थोडक्यात. तराजूचे खूर काळ्या पॉलिशने चकचकीत केले होते. आत्या वाकून म्हणाली की पुढचा डावा जरा उचलून दाखवता का.

"आज नको, आत्याबाई," मास्तर म्हणाले. "झोपेत आहे तो."

तराजू कान टवकारून आमच्याकडेच बघत होता. आत्याने त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि आम्ही निघालो. फाटकाशी येईपर्यंत तिचा चेहरा पडलेला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मला वाटलं होतं कुणीतरी हरामखोर निघेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. सचिवाला सांग, उद्या दुपारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलाव. मी माझा सुयांचा डबा घेऊन येते."

५

सोमवारी दुपारी हॉलमध्ये आम्ही सहाजण होतो: सचिव, दादा, कापूस, मास्तर, आत्या आणि मी. भिंतीवर दोन नाला चकाकत होत्या आणि तिसरी पेटी रिकामी.

"चोराने काय नेलं यावर सगळे डोळे लावून बसले आहेत," आत्याने सुरुवात केली. "काय ठेवलं ते कुणी बघितलं नाही. शुक्रवारी ठरलं की फ्रेमवाला येऊन तिन्ही नाला हातात घेणार. त्याच रात्रीत एक गेली. म्हणजे त्या तिघींत असं काहीतरी होतं जे हातात घेतल्यावर कळलं असतं. आणि एक काढून घेतली की उरलेल्या दोघींत कळलं नसतं. म्हणजे गेलेली नाल या दोघींसारखी नव्हती."

सचिवांनी तोंड उघडलं, पण आत्या त्यांच्याकडेच वळली. त्यांच्या मनगटाने पहिली साक्ष दिली होती. ॲल्युमिनियम मऊ असतं, शिक्का एका ठोक्यात रुततो. डोंगरावर तसा रुतला. बाकी दोन ठिकाणी मनगट धरलं तरी उमटेना, तो काही सरावाचा प्रश्न नव्हता. दुसरी साक्ष कापसाची. ॲल्युमिनियमच्या पायाने दगडावर चाललेल्या घोड्याच्या पायाखालून ठिणग्या उडत नाहीत. ठिणग्या उडवतं ते लोखंड.

मग तिने डबा उघडला, चुंबकाला चिकटलेल्या सुया एकेक करून काढल्या, आणि सचिवांना पेट्या उघडायला लावल्या. पठाराच्या नालेला चुंबक लावला. तो टक् करून चिकटला. किनाऱ्याच्या नालेला लावला. तिथेही चिकटला. दादाने पुढे होऊन एक नाल उचलली आणि तळहातावर तोलली, आणि मी लहानपणापासून ओळखते तो त्याचा चेहरा पार बदलला.

"चंदेरी रंग दिलाय," तो म्हणाला. "ही सरावाची लोखंडी नाल आहे. हिच्यावर शर्यत पळवली?"

घोड्याच्या पायातलं थोडंसं ओझंसुद्धा पाठीवरच्या कितीतरी ओझ्याइतकं जड पडतं, हे तिथे कुणाला समजावून सांगायला नको होतं. पाठीवरचं वजन मी गुंजेगुंजेने मोजलं होतं. पायाखाली बघायचं मला सुचलं नाही. नाला चकाकत होत्या, म्हणजे हलक्या, असं तपासणाऱ्यांनीही धरलं. तराजू दोन ठिकाणी बेड्या घालून पळाला आणि तिसऱ्या ठिकाणी मोकळा. माझ्या मापात खोट निघाली होती, डोंगरात नाही.

"नाल बदलून दुसरी ठेवायचा मार्ग नव्हता, कारण शिक्का सचिवांकडे," आत्या म्हणाली. "म्हणून उचलावी लागली. आणि स्क्रू जमिनीवर टाकवेनात, म्हणून ते परत लावले. घोड्यातलाच माणूस. याला," तिने दादाकडे बोट केलं, "हे कळलं असतं तर याने गावभर बोंब मारली असती. कापसाने ठिणग्यांची गोष्ट आपण होऊन सांगितली, लपवायचं असतं तर सांगितली नसती. आणि त्या घोड्याच्या पायाला हात लावणारा माणूस एकच आहे."

मास्तर खुर्चीवरून उठले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेली नाल काढली आणि टेबलावर ठेवली. हलकी होती, आवाजही झाला नाही.

६

"चीर पडली आहे त्याच्या खुराला," मास्तर म्हणाले. "उभी. पॉलिशखाली दिसत नाही. टणक जमिनीवर हलकी नाल वाकते आणि चीर वर चढते. लोखंडी पट्टी रुंद असते, ती खूर धरून ठेवते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याला निकामी ठरवून विकला असता. या वयाच्या घोड्याला कोण घेतं आणि कशाला घेतं, ते मला माहीत आहे."

ते खरं होतं.

"शर्यती झाल्या तेव्हा मैदान बंद करायची भाषा नव्हती. मला वाटलं, चार आकडे इकडचे तिकडे होतील, बाई पुढच्या वर्षी सरळ करतील. नंतर जाहीर झालं तेव्हा माझी जीभ उचलेना. रोज ठरवायचो, उद्या सांगू. शुक्रवारी फ्रेमवाल्याचं ठरलं आणि रात्री तबेल्यातल्या जादा किल्लीने हॉल उघडला."

"मग डोंगरावर हलक्या नाला का घातल्या?" मी विचारलं. "तिथेही लोखंडी घातल्या असत्या तर कुणालाच कळलं नसतं."

मास्तरांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तिथलं गवत मऊ. म्हटलं, इथे भीती नाही, इथे तरी त्याला मोकळं पळू दे. मला एकदा बघायचं होतं."

दादाला खूप राग आला होता, तो मला दिसत होता. पण त्याने मूठ आवळली आणि सोडली. घोड्याच्या पायासाठी माणूस काय काय करतो हे त्याला कुणी शिकवायला नको.

आता सचिवांना कंठ फुटला. झालं ते वाईट झालं, पण नियम नियम आहेत, ते म्हणाले. डोंगराचा निकाल खोटा म्हणायचा तर पुरावा हवा. तराजूला हलक्या नाला घालून किनाऱ्यावर आणि पठारावर पुन्हा पळवा. नाही पळवला तर आहे तोच निकाल कायम. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. टणक जमिनीवर हलकी नाल म्हणजे तो खूर शर्यतभरही टिकला नसता. एका बाजूला अख्खं मैदान, तिथली माणसं, माझा भाऊ. दुसऱ्या बाजूला एक म्हातारा घोडा. सगळे माझ्याकडे बघत होते. पद्धत माझी होती ना.

मी टेबलावरची हलकी नाल एका हातात घेतली आणि लोखंडी दुसऱ्या हातात. दोन्ही तोलून पाहिल्या. मग ते इतकं साधं होतं की मला हसू आलं.

"किनाऱ्यावर कशाला न्यायचं?" मी म्हटलं. "तिथे तो लोखंडी घालून पळाला, पठारावरही लोखंडी घालून पळाला. आता डोंगरावर लोखंडी घालून पळवा. माप जड असो की हलकं, सगळीकडे तेच असलं म्हणजे झालं. मऊ गवत, रुंद नाल, खुराला धक्का नाही. जॉकी तोच, वजन तेच. सचिवसाहेब, नियमात कुठे बसत नाही ते सांगा."

सचिवांनी नियमांची वही दोनदा चाळली. मग शुक्रवारची तारीख लिहून घेतली.

शुक्रवारी डोंगरावर ती शर्यत झाली. त्या मैदानावर इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती. शर्यतीआधी आत्याने स्वतः तराजूच्या चारही नालांना चुंबक लावून पाहिला, आणि मग निकालाच्या मचाणावर जाऊन बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि अडवायची कुणाची छाती नव्हती. घोडे सुटले. वळणावर तराजू पुढे होता. मग सरळ वाटेवर दादाची काळी घोडी बाहेरून आली, तिच्यामागून आणखी एक, आणि दोघींनी त्याला मागे टाकलं. तराजू तिसरा आला. जसा पठारावर आला होता, जसा किनाऱ्यावर आला होता. तिन्ही विभाग काटा जागच्या जागी राहावा इतके सारखे होते, आणि सारख्यातला एक कमकुवत म्हणून बंद करायचा मंडळाला अधिकार नव्हता.

घोडा हरला म्हणून माणसं रडताना आणि टोप्या उडवताना मी त्या दिवशी पाहिली.

मास्तरांनी सगळ्यांसमोर नाल काढली. सचिवांनी हातोडा घेतला आणि ठोकायला लागले. शिक्का उमटेना. मचाणावरून उतरून आलेल्या आत्याने त्यांच्या शेजारी उभं राहून अगदी आपुलकीने विचारलं की मनगट कसं आहे.

शनिवारी मंडळाने मैदान बंद करायचा विषय मागे घेतला. मास्तरांवर वर्षभराची बंदी आली, ती त्यांनी मान खाली घालून घेतली. तराजूला मापाच्या कामातून मोकळं केलं. त्याला कोण घेणार असा प्रश्न अध्यक्षांनी विचारला तेव्हा मागच्या रांगेतून दादाचा हात वर आला. त्याच्या तबेल्यात टोकाचं एक ठाण रिकामं होतं, समोर गवताचा तुकडा. आणि तराजूच्या पायाला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही, म्हणून मास्तरांनाही यावं लागेल, असं दादा कुणाकडेही न बघता म्हणाला.

त्याच संध्याकाळी आम्ही तराजूला तिथे पोचवलं. पायात काहीही न घालता तो गवतावर उतरला, जरा बावरला, आणि मग चक्क उड्या मारत कुंपणापर्यंत गेला. मास्तर दारातून बघत राहिले. परत आत आणल्यावर त्यांनी कडी लावली, ओढून पाहिली, दोन पावलं आले, आणि परत जाऊन पुन्हा ओढून पाहिली.

दादा चहाचे पेले भरत होता. एक आत्याला दिला, एक मास्तरांना. मग उरलेले दोन माझ्यासमोर ठेवले आणि मुद्दाम एकात जास्त ओतला.

"बघ, सारखे आहेत का, काटेबाई," तो म्हणाला.